आधी फोन काढून घेऊ नका

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये शाळेत सायबर सुरक्षेचं व्याख्यान होतं. बाहेर पाऊस, हॉलमध्ये सतरंज्यांवर तीनशे मुलं आणि समोर पोलीस दलातले एखादे तरुण अधिकारी. पासवर्ड कुणाला देऊ नका, अनोळखी माणसाची रिक्वेस्ट घेऊ नका, मुलींनी डीपीला स्वतःचा फोटो ठेवू नये, असं ते तळमळीने सांगतात. शेवटी विचारतात, "काही शंका?" हॉलमध्ये एकही हात वर होत नाही. टाळ्या वाजतात, आभार होतात, मुलं रांगेने वर्गात जातात.

शंका नंतर येते, व्हरांड्यात. चप्पल शोधण्याच्या निमित्ताने एखादी मागे रेंगाळते आणि खालच्या आवाजात विचारते, "मॅडम, घरी सांगितलं तर फोन काढून घेतील ना?"

साताऱ्यातल्या माध्यमिक शाळेत बरीच वर्षं शिकवते आहे. विद्यार्थ्यांनी सायबर बुलिंगपासून स्वतःला कसं वाचवावं, हा प्रश्न आता प्रत्येक पालक सभेत निघतो. त्याचं उत्तर आपण पासवर्डात आणि सेटिंगात शोधतो. माझ्या मते ते उत्तर त्या मुलीच्या प्रश्नात आहे. मूल बोललं तर वाचतं, आणि बोलल्यावर आपली सगळ्यात प्रिय गोष्ट जाणार हे ठाऊक असलेलं मूल बोलत नाही.

हे मला एका चुकीमुळे कळलं. ती चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी नववीत एक मुलगी होती. खो-खो उत्तम खेळायची, रोज एसटीने यायची. गॅदरिंगला तिच्या गटाने लावणी केली. कुणीतरी त्याचे फोटो काढले. त्यातल्या एका फोटोतला तिचा चेहरा कापून वर्गातल्या एका मुलाने स्टिकर बनवला आणि खाली एक शब्द टाकला. तो शब्द इथे लिहिणार नाही. मुलांचा स्वतःचा एक ग्रुप होता, ज्यात एकही शिक्षक नव्हता. तिथे आधी तो स्टिकर फिरला, मग प्रत्येक गोष्टीला उत्तर म्हणून तोच येऊ लागला. गणिताचा गृहपाठ कुणी विचारला की स्टिकर. उद्या सुट्टी आहे का, स्टिकर. दोन आठवड्यांनी इन्स्टाग्रामवर तिच्या नावाचं, तिच्याच फोटोचं फेक आयडी आलं आणि त्यावरून मुलांना मेसेज जायला लागले.

मला कळलं तेव्हा मी नियमाप्रमाणे वागले. मुख्याध्यापकांना सांगितलं, तिच्या आईला बोलावलं, सगळं दाखवलं. आई शांतपणे ऐकत होती. निघताना एवढंच म्हणाली, "बरं झालं मॅडम, सांगितलंत." त्या संध्याकाळी मुलीचा फोन काढून घेतला गेला. पुढच्या आठवड्यात ती खो-खोच्या सरावाला आली नाही. मग एसटीने येणं बंद झालं, वडील मोटारसायकलवरून सोडायला-न्यायला लागले. दहावी तिने मामाच्या गावी राहून दिली. स्टिकर करणारा मुलगा त्याच बाकावर बसून त्याच शाळेतून पास झाला.

तिच्या आईवडिलांना मी दोष देत नाही. ती घाबरलेली माणसं होती आणि त्यांच्या हातात तेवढंच होतं. पण मी त्यांना बोलावण्याआधी मुलीला एका शब्दानेही विचारलं नव्हतं, की तुला काय व्हायला हवं आहे, कुणाला सांगू, काय सांगू. जे तिचं होतं ते मी तिच्या हातून काढून दुसऱ्यांच्या हातात दिलं.

फोन काढून घेतल्याने मूल सुरक्षित होतं, ही समजूत आपल्याकडे पक्की रुजली आहे. ती किती पोकळ आहे हे या एकाच उदाहरणात दिसतं. स्टिकरसाठी तिच्या फोनची गरजच नव्हती. फोटो दुसऱ्याने काढला, चेहरा तिसऱ्याने कापला, ग्रुप चौथ्याचा. तिच्याकडे फोन नसता तरी हे सगळं असंच झालं असतं, फक्त तिला ते सगळ्यांत शेवटी कळलं असतं. काढून घेतलेल्या फोनमध्ये पुरावा असतो, धीर देणाऱ्या मैत्रिणी असतात, आणि तक्रार करायची तर लागणारा नंबरही त्यातच असतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे बहुतेक मुलींचा फोन हा बाबांचा, भावाचा किंवा आईचा फोन असतो. धमकीचा मेसेज आला तर तो आधी भाऊ वाचतो. अशा घरात मुलगी काय करते? मेसेज पुसून टाकते आणि पुन्हा येऊ नये म्हणून समोरच्याचं ऐकत जाते. छळणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

सातारा, सांगली, कराड, विटा यांसारख्या गावांत हे आणखी अवघड होतं. मोठ्या शहरातल्या मुलीला निदान गर्दीचा आडोसा असतो. इथे पुण्याच्या स्वारगेटहून सुटलेली गाडी साताऱ्याच्या पोवई नाक्याला पोचेपर्यंत फोटो भावकीच्या ग्रुपवर गेलेला असतो. चुलता विचारतो, पाव्हण्यात चर्चा होते, आणि जिचा फोटो बनवला तिच्याकडेच लोक बोट दाखवतात. "आता हिचं बघून टाका," असं कुणीतरी म्हणतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. एका फेक आयडीमुळे शाळा सुटणं आणि शाळा सुटल्यावर स्थळ येणं यात फार अंतर नसतं. मूल गप्प का बसतं याचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

फोनवर बंधन घालूच नये, असं माझं म्हणणं नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये जे केलं त्याची देशभर बातमी झाली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद राहतात. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. तिथे आईची मालिकाही बंद होते आणि बाबांचा फोनही. नियम सगळ्यांना सारखा आहे म्हणून मुलाला ती शिक्षा वाटत नाही. छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलाचाच फोन काढून घेणं ही मात्र शिक्षाच आहे, आणि ती गुन्हा करणाऱ्याऐवजी सोसणाऱ्याला होते.

आता मुलांशी बोलते. तुम्ही याला सायबर बुलिंग म्हणत नाही. "खेचतायत", "ट्रोल करतायत", "जरा मजा चाललीय" असं म्हणता. कधी ती खरंच मजा असते. मित्र मित्राची खेचतो, दुसऱ्या दिवशी तो याची. मग फरक कुठे पडतो? तुम्ही "बास" म्हटल्यावरही ते थांबत नाही तेव्हा. सगळे मिळून एकाचीच खेचतात तेव्हा. सकाळी शाळेत जायच्या विचाराने पोटात गोळा येतो तेव्हा. यातलं काही होत असेल, तर ते गंमत आहे की नाही हे करणाऱ्याने ठरवायचं नाही, तुम्ही ठरवायचं.

सगळ्यांत आधी काहीही पुसू नका. राग आला, लाज वाटली, किळस आली तरी नाही. ग्रुप सोडायच्या आधी आणि समोरच्याला ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, आणि त्यात नाव, नंबर, तारीख, वेळ दिसू द्या. इन्स्टाग्रामवर आयडीचं नाव दोन मिनिटांत बदलता येतं, म्हणून उशीर करू नका, आणि स्क्रीनशॉटबरोबर त्या प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. स्नॅपचॅटवर चॅटचा स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, आणि व्हॉट्सॲपवर एकदाच पाहता येणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट घेताच येत नाही. अशा वेळी दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा. एका वहीत तारीखवार दोन-दोन ओळी लिहून ठेवा. महिन्याभराने कुणी "कधीपासून?" असं विचारलं की डोकं सुन्न होतं, तेव्हा ती वही बोलते.

उलट शिवी देऊ नका. हे उपदेश म्हणून सांगत नाही. मी अशी बरीच प्रकरणं पाहिली आहेत जिथे महिनाभर सोसलेल्या मुलाने एका रात्री चार शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्या चार ओळींचा स्क्रीनशॉट शाळेत पोचला. "हे थांबव, मला नको आहे," एवढं एकदाच लिहा. ते लिहिलेलं पुढे कामाला येतं. त्यानंतर रिपोर्ट, मग ब्लॉक. फेक आयडी असेल तर दुसऱ्याच्या नावाने खातं चालवतोय या कारणाखाली रिपोर्ट करा, त्यासाठी वेगळा पर्याय असतो.

सेटिंगांचं थोडक्यात सांगते, कारण ती महत्त्वाची असली तरी पुरेशी नाहीत. खातं प्रायव्हेट ठेवा. आपल्याला टॅग केलेला फोटो आपण मान्य केल्याशिवाय दिसणार नाही, अशी सोय चालू करा. व्हॉट्सॲपवर आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं हे ठरवता येतं, ते फक्त ओळखीच्या नंबरांपुरतं ठेवा. खातं उघडताना वय वाढवून टाकलं असेल तर अल्पवयीनांसाठी ठेवलेली संरक्षणं तुम्हाला मिळत नाहीत, हे लक्षात घ्या. 'असर'च्या २०२४ च्या अहवालात सोशल मीडिया वापरणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ६२ टक्क्यांना ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येत होतं आणि ५५.२ टक्क्यांना प्रोफाइल प्रायव्हेट करता येत होतं. उरलेल्यांना ते शिकवायला एक तास पुरतो. आमच्याकडे आठवीच्या मुली पाचवीच्या मुलींना ते शिकवतात आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात.

खाजगी फोटोचं प्रकरण वेगळं. कुणी तुमचा तसा फोटो पसरवायची धमकी देत असेल, किंवा एआय वापरून तुमच्या चेहऱ्याचा खोटा फोटो बनवला असेल, तर तिथे एकट्याने लढू नका. पैसे देऊ नका, आणखी फोटो तर मुळीच पाठवू नका. दिल्याने मागणी संपत नाही, वाढते. अठराच्या आतल्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. तुमचा फोटो फोनबाहेर जात नाही. फोनमध्येच त्याचा एक अंकी ठसा तयार होतो आणि त्या ठशावरून या सेवेत सामील असलेली ॲप तो फोटो ओळखून काढू शकतात. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही तशीच सेवा आहे. तुम्ही तो फोटो विश्वासाने कुणाला पाठवला होता म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. पसरवणारा ठरतो. हे वाक्य मला प्रत्येक मुलीच्या आणि मुलाच्या कानापर्यंत न्यायचं आहे, कारण ब्लॅकमेल चालतं ते नेमकं याच अपराधी भावनेवर.

शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी इथे एक सूचना. लहान मुलाचं अश्लील चित्र "बघा काय चाललंय" म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका, पुरावा म्हणूनही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार असं चित्र पाठवणं हाच गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या मुलाची विटंबना आणखी वीस फोनांत पोचते. ज्या फोनवर आहे तो फोनच पोलिसांना दाखवा.

कायद्याचं बळ आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क मध्ये येतं, फेक आयडीवरून दुसऱ्याच्या नावाने फसवणं ६६ ड मध्ये, खाजगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं-पसरवणं ६६ ई मध्ये. तिन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलीच्या मागे ऑनलाइन लागणं, ती काय करते यावर पाळत ठेवणं हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे. खरा किंवा बनवलेला फोटो दाखवून मुलाला लैंगिक हेतूने धमकावणं त्यात बसतं. जातीवरून केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. पैशांची फसवणूक किंवा खंडणी असेल तर १९३० वर फोन करा. मुलांसाठी १०९८ चोवीस तास चालू असतो, आणि मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, त्यामुळे ठाण्यात "हे आमच्याकडे नाही" असं ऐकायला मिळालं तरी परत फिरू नका. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत अश्लील किंवा मॉर्फ केलेला फोटो पीडित व्यक्तीच्या तक्रारीनंतर २४ तासांत काढायची जबाबदारी कंपन्यांवर घातली गेली. तक्रार केली ती वेळ लिहून ठेवा.

हे सगळं असूनही त्या नववीतल्या मुलीच्या स्टिकरला नीट बसेल असं कलम मला आजही सापडत नाही. फेक आयडीला सापडतं, स्टिकरला नाही. आणि तसं सरसकट कलम असावं, असंही मला वाटत नाही. पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ अ होतं. त्रासदायक, अपमानकारक वाटेल असा मजकूर पाठवणं त्यात गुन्हा होता. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यांपैकी एकीने ती पोस्ट नुसती लाईक केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केलं, ते योग्यच झालं. संस्थेवर किंवा शिक्षकावर टीका करणाऱ्या विद्यार्थ्याला "सायबर बुलिंग" म्हणून दडपायला कुणी निघालं तर मी त्या विद्यार्थ्याच्या बाजूने उभी राहीन. पण मग कायद्याच्या खालची जी मोठी जागा उरते, जिथे रोजचा छळ खरा घडतो, ती कुणाची? ती शाळेची आहे, आणि आम्ही ती जबाबदारी नीट पेलत नाही.

शाळांत तक्रारपेटी आहे. २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीही आहे. पण पेटी बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर भिंतीला लावलेली असते, जिथे चिठ्ठी टाकताना शिपायापासून सगळे बघतात. समितीची नावं फलकावर असतात आणि मुलांना त्यांतली एक बाई सोडून कुणी ओळखत नाही. छळ शाळेच्या वेळेबाहेर, मुलांच्या खाजगी ग्रुपवर झाला, तेव्हा तो आमचा विषय नाही, असं म्हणणारे सहकारी मला भेटतात. रात्री अकराला ग्रुपवर पडलेला स्टिकर सकाळी साडेदहाला प्रार्थनेच्या रांगेत तिच्यामागे उभा असतो. तिथे हसणारी तोंडं आमच्या शाळेचीच असतात.

खंडाळा तालुक्यातलं नायगाव आमच्या जिल्ह्यातलं. ३ जानेवारीला आम्ही मुलांना तिथे नेतो आणि सावित्रीबाई शाळेत जाताना दुसरं लुगडं बरोबर न्यायच्या, कारण वाटेत लोक शेण मारायचे, ही गोष्ट सांगतो. गोष्ट सांगून झाली की आम्ही त्यांच्या धैर्याला हात जोडतो. गेली काही वर्षं मी मुलांना त्यापुढे एक प्रश्न विचारते: त्या रस्त्यावर शेण मारणाऱ्यांखेरीज आणखी कोण होतं? दारात उभे राहून बघणारे होते. ते कितीतरी जास्त होते. डीपी काढ, खातं प्रायव्हेट कर, असं आपण मुलींना जे सांगतो ते दुसरं लुगडं आहे. ते जवळ असावंच. पण दारात उभ्या राहिलेल्यांशी कुणी बोलत नाही.

आमच्या त्या वर्गाच्या ग्रुपवर चाळीसेक जण होते. स्टिकर बनवणारा एक, उत्साहाने पुढे ढकलणारे चार-पाच. बाकीचे हसण्याची इमोजी टाकून मोकळे, किंवा नुसते वाचून गप्प. नंतर एकेकाशी बोलले तेव्हा त्यांतल्या अनेकांनी सांगितलं, "मला आवडलं नव्हतं मॅडम, पण मी बोललो असतो तर माझाच स्टिकर झाला असता." ही भीती खरी आहे, तिला कमी लेखून उपयोग नाही. म्हणून मी मुलांना सगळ्यांसमोर भिडायला सांगत नाही. त्यापेक्षा सोपं सांगते. इमोजी टाकू नका. त्या मुलीला एकटीला मेसेज करा: "मला हे पटलेलं नाही, मी तुझ्याबरोबर आहे." स्क्रीनशॉट ठेवा, कारण तिने सगळं पुसून टाकलं असेल तर पुरावा तुमच्याकडे असेल. ॲडमिन असाल तर ज्याने टाकलं त्याला काढा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. कायदा सोडतो, म्हणून वर्गमैत्रीण सोडेलच असं नाही.

मुलग्यांविषयी आपण फार कमी बोलतो. ज्याचा आवाज बारीक आहे, जो मुलींशी गप्पा मारतो, जो जाड आहे, ज्याच्या आडनावावरून त्याची जात काढता येते, त्यांचा छळ तितकाच निर्दय असतो. आणि मुलगा घरी सांगत नाही, कारण "तू काय बांगड्या भरल्यात का" हे वाक्य त्याने आधीच ऐकलेलं असतं. आडनावावरून चालणारं चिडवणं पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण हे गाव कर्मवीरांचं आहे. १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची आणि आळीपाळीने स्वयंपाक करायची. एकत्र राहण्याचा धडा त्यांनी मुलांना रोजच्या कामातून दिला, भाषणातून नव्हे. ग्रुपवरही एक पंगतच बसलेली असते. तिथे कोण कुणाला काय वाढतंय, हे बघायला मात्र आपण कुणी जात नाही.

आणि स्टिकर करणारा तो मुलगा? चार मिनिटांत, आईच्या फोनवर बनवला होता त्याने. का केलास विचारलं तर "गंमत" म्हणाला, आणि मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. तोही चौदा वर्षांचाच होता. अठराच्या आतलं मूल गुन्हा करतं तेव्हा कायदासुद्धा त्याला बाल न्याय मंडळापुढे पाठवतो, सुधारण्याची वाट मोकळी ठेवतो. शाळेने त्याला आठ दिवस घरी बसवलं. त्या आठ दिवसांत तो काय शिकला मला ठाऊक नाही. आज मी वेगळं करेन. ज्या चाळीस जणांसमोर त्याने ते टाकलं, त्याच चाळीस जणांसमोर त्याने लिहावं, की हे मी केलं, चुकीचं केलं, ज्यांनी ज्यांनी सेव्ह केलंय त्यांनी काढून टाका. तिची इच्छा असेल तरच, आणि तिला समोर उभं न करता. नुकसान जिथे झालं तिथेच ते भरून काढायला लावणं, हे घरी बसवण्यापेक्षा अवघड आहे. त्याच्यासाठी अवघड आणि आमच्यासाठीही, कारण त्यात शिक्षकाचे तास जातात.

यंदाच्या जूनच्या पालक सभेत आम्ही एक गोष्ट नवी केली. आठवी ते दहावीच्या पालकांना एकेक कोरा कागद दिला आणि स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून खाली सही करायला सांगितली: "मोबाईलवर तुला कुणी त्रास दिला आणि तू मला सांगितलंस, तर मी तुझा फोन काढून घेणार नाही. तुझी शाळा बंद करणार नाही." तो कागद मुलाने स्वतःजवळ ठेवायचा. आयांनी पटापट लिहिलं. काही जणींना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या मुलींनी लिहून दिलं आणि त्यांनी अंगठा लावला. वडिलांचे पेन मात्र अडखळत होते. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले. शेतकरी माणूस, दोन मुली आमच्याकडे. म्हणाले, "आन् चूक तिचीच आसली तर, मॅडम?"

मी म्हटलं, "तरी. तेव्हा तर जास्तच. चूक झाली असेल तेव्हाच तिला तुम्ही लागाल, भाऊ."

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग घडी घालून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "घरी जाऊन इचार करतो." गेल्या आठवड्यात त्यांची धाकटी मला व्हरांड्यात भेटली. कागदाचं काय झालं, मी विचारलं. म्हणाली, "अजून बाबांच्या खिशातच आहे मॅडम. रोज सदरा बदलला की दुसऱ्या खिशात ठेवतात."